कापसाच्या मळ्यातली हवेली आणि आपली दिवाळी : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मंडळाचे अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाचा दिवाळी मेळावा गावाबाहेरच्या एका जुन्या कापूस-मळ्याच्या हवेलीत घ्यायचे आपण ठरवले, हे निमंत्रणावरून कळले. निमंत्रणावर हवेलीचा फोटो आहे. उंच पांढरे खांब, दुतर्फा ओकची झाडे आणि खाली ओळ, 'राजेशाही थाटात दिवाळी'. गुलाम माणसांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या जागी सण साजरा करायचा, हा निर्णय मला मान्य नाही. मी कार्यकारिणीतल्या दोघांशी बोलले, ई-मेलही पाठवला. त्या ई-मेलला 'आगाऊ रक्कम भरून झाली आहे' एवढेच उत्तर आले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. मंडळाचे आणि हवेलीचे नाव मुद्दाम घालत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत मुलामुलींच्या लग्नाची जागा शोधताना हाच प्रश्न उभा राहतो. तो सगळ्यांनी मिळून सोडवावा, असे मला वाटते.

या विषयात मी एवढी का पडते, ते आधी सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या घरात जन्मले. कोरडवाहू शेत, काळी माती आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी वेचणी. पहिल्या वेचणीआधी आजी शेतात सीतादहीची पूजा करायची, मग बाया पोटाशी फडकी बांधून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, तासांत शिरायच्या. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोके बोटांत घुसतात, दुपारपर्यंत नखांच्या कडा सोलवटून निघतात. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला जायचा आणि किलोवर मजुरी ठरायची. मजुरी कमीच असायची आणि त्यावरून भांडणेही व्हायची. पण भांडता यायचे, आणि नाहीच पटले तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात जायला कुणी अडवत नव्हते.

इथे लुइझियानात आल्यावर इथल्या कापसाविषयी वाचू लागले, तेव्हा त्या काट्यापाशीच माझे पाय थबकले. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या सॉलोमन नॉर्थअप या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला 1841 मध्ये वॉशिंग्टनमध्ये फसवून पकडले आणि लुइझियानात आणून विकले. 1853 मध्ये तो सुटला. त्याने लिहून ठेवले आहे की मळ्यावर दिवसाची वेचणी साधारण 200 पौंड धरली जायची, म्हणजे जवळजवळ 90 किलो. याच्या निम्मा कापूस वेचणारी बाई आमच्या गावात चलाख म्हणून ओळखली जायची. संध्याकाळी टोपली घेऊन काट्याकडे जाताना प्रत्येकाच्या पोटात भीती असायची, असे तो सांगतो. कापूस कमी भरला की चाबूक. जास्त भरला तर मालकाला कळायचे की हा एवढा वेचू शकतो, आणि मग रोजच तेवढा मागितला जायचा.

दुसरे कारण अगदी घरातले आहे. माझ्या विहीणबाई याच राज्यातल्या. त्यांच्या माहेरची मागची पिढी कापसाच्या मळ्यावर बटाईने राबली, त्याच्या आधीची मालकीची होती, म्हणजे गाईगुरांसारखी कुणाच्या तरी मालमत्तेत नोंदलेली. आपल्या मेळाव्याला त्या दरवर्षी हौसेने येतात, रताळ्याची 'पाई' हा गोड पदार्थ घेऊन येतात, नातीला नऊवारीत पाहून डोळे पुसतात. यंदाचे निमंत्रण त्यांनी नीट वाचले आणि म्हणाल्या, 'तुम्ही सगळे जा, मी घरी थांबेन.' त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. मला बोलणे भाग आहे.

माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप असा, की निमंत्रणावर तुम्ही हवेली दाखवली आणि मळा झाकला. कापसाचा मळा म्हणजे एक घर आणि भोवती बाग, असे कधीच नव्हते. तो एक अख्खा गाव होता आणि कारखानाही होता. त्यातली प्रत्येक इमारत कुठे बांधायची हे विचार करून ठरवलेले असे. हे समजून घ्यायचे तर आपल्याच राज्यातल्या नॅकिटिश गावाच्या दक्षिणेला केन नदीच्या काठी जावे. तिथल्या ओकलंड आणि मॅग्नोलिया या दोन मळ्यांच्या जुन्या इमारती 1994 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात येतात. हवेल्या इतरत्रही पुष्कळ उभ्या आहेत. इथे हवेलीभोवतीचे सगळे शिल्लक आहे, आणि तेच महत्त्वाचे आहे.

ओकलंडचे घर 1821 चे, प्रुडोम या फ्रेंच वंशाच्या पण लुइझियानातच जन्मून रुजलेल्या, म्हणजे 'क्रिओल', कुटुंबाचे. निमंत्रणावरच्या फोटोसारखे भव्य खांब त्याला नाहीत. जमिनीपासून उचलून विटांच्या खांबांवर बसवलेले, भोवती रुंद पडवी, वर चारी बाजूंनी उतरणारे छप्पर. पुराचे पाणी खालून जावे, उन्हाळ्यात वारा खेळावा आणि पाऊस भिंतींना लागू नये, अशी ही सगळी रचना. भिंती 'बूझियाज' पद्धतीच्या आहेत. लाकडी चौकट उभी करायची आणि मधल्या जागेत चिखल आणि झाडांवर लोंबणारे स्पॅनिश मॉस एकत्र मळून भरायचे. आपल्याकडचा कुड ज्याने पाहिला आहे, त्याला ही भिंत लगेच ओळखू येते. चुन्याच्या गिलाव्याखाली ती दिसत नाही, पण तो चिखल गुलाम माणसांनी मळला आणि त्या तुळया त्यांनीच तासल्या. जुन्या क्रिओल घरांचे कौतुक करणारी पुस्तके गॅलरी, दारे, शेकोटीची चौकट यांवर पानेच्या पाने लिहितात. मला त्या घरात सर्वांत बोलकी वाटली ती ही भिंत.

दुतर्फा लावलेले ओक नदीकडे तोंड करून आहेत, कारण तेव्हा नदी हाच रस्ता होता. पाहुणे तिकडून यायचे, कापसाच्या गाठी तिकडूनच न्यू ऑर्लिन्सला जायच्या. घराच्या मागे आणि बाजूला मळ्याचा संसार पसरलेला आहे. खेचरांचा तबेला, कबुतरखाने, स्वयंपाकिणीची खोली, मुकादमाचे घर, दुकान. मुकादमाचे घर मालकाचे घर आणि कामकऱ्यांची वस्ती यांच्यामध्ये लक्ष ठेवता येईल असे असायचे, हे दक्षिणेतल्या बहुतेक मळ्यांवर दिसते. वस्तीतली घरे सरळ ओळीत. त्यामुळे एका टोकाला उभे राहिले की सगळी दारे नजरेत यायची. फ्लॉरिडातल्या किंग्सली मळ्यावर समुद्रकाठचा लांब धाग्याचा कापूस पिकायचा. तिथली घरे शिंपल्यांचा चुना, वाळू आणि शिंपले ओतून केलेल्या भिंतींची आहेत आणि ती अर्धवर्तुळात मांडली आहेत. 32 पैकी 25 घरांच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्या कमानीसमोर उभे राहिले की या मांडणीचा हेतू कुणी समजावून द्यावा लागत नाही.

मॅग्नोलिया मळा लकाँत आणि पुढे हर्ट्झॉग कुटुंबाचा. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांतल्या यादवी युद्धाच्या तोंडावर या मालकाकडे दोनशेहून अधिक गुलाम होते. तिथे आज विटांची आठ घरे उभी आहेत. गुलामांची घरे बहुतेक मळ्यांवर लाकडाची होती, ती कुजली, पडली किंवा मुद्दाम पाडली गेली. ही विटांची म्हणून राहिली. प्रत्येक घरात दोन खोल्या, मधोमध एकच धुराडे, त्याच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून दोन चुली. एका खोलीत एक कुटुंब. त्या खोलीच्या मध्ये उभे राहून मी हात पसरले आणि आजी-आजोबा, आईवडील, लेकरे, सगळ्यांची झोपायची जागा मनात मोजू लागले. मोजणी पुरी झाली नाही.

त्याच मळ्यावर जिनाची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्राची, इमारत आहे. आत लाकडी स्क्रूचा प्रचंड दाब आहे. जनावरे गोल फिरवून तो पिळायचे आणि रुई दाबून गाठ बांधायचे. पुढे वाफेवर चालणारी यंत्रे आली, तीही तिथेच आहेत. इतका जुना दाब मूळ जागी फार क्वचित शिल्लक आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या गावात वाढलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावे लागत नाही. रुई कुठून यायची, सरकी कुठे पडायची, गाठ कुठून बाहेर निघायची, सगळे पाहताच कळते. ती इमारत पाहताना मला आनंद झाला, कारण यंत्र सुंदर आहे. त्या आनंदाची लाज वाटत नाही. पण त्याच इमारतीत काटाही असायचा, हे विसरता येत नाही.

आणि हवेली? मॅग्नोलियाची मूळ हवेली 1864 मध्ये रेड रिव्हरच्या मोहिमेत उत्तरेच्या सैन्याने जाळली. आजची 1890 च्या दशकात पुन्हा बांधलेली आहे. मधल्या काळात मालकाचे कुटुंब मुकादमाच्या घरात राहत होते, आणि ते घर मुळात आजारी गुलामांसाठी बांधलेले. म्हणजे तिथे गुलामांची घरे हवेलीहून जुनी आहेत. दक्षिण कॅरोलायनातल्या बून हॉलची गोष्टही अशीच. तिथले खांबांचे घर 1936 मध्ये बांधले गेले. ओळीने उभी असलेली गुलामांची विटांची नऊ घरे मात्र 1790 ते 1810 च्या दरम्यानची. वारसा आणि जुनेपणा हाच निकष लावायचा असेल, तर पहिला मान त्या नऊ घरांचा आहे. मग निमंत्रणावर फोटो हवेलीचाच का? आपण निवडलेल्या जागी वस्तीची जागा आज गाड्या लावायला वापरतात. मेळाव्याला येणारे पाहुणे नेमके तिथेच उतरणार आणि पायाखाली काय होते हे न कळता आत जाणार.

दुसरा आक्षेप 'राजेशाही' या वर्णनाला. तिथे राजा नव्हता. तिथे उधारीवर बियाणे, खेचरे आणि माणसे विकत घेणारे व्यापारी शेतकरी होते. त्यांचा पैसा कुठून आला हे लपून राहिलेले नाही. 1793 मध्ये एली व्हिटनीने सरकी काढणारे यंत्र बनवले. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसाची चिकट सरकी हाताने काढायला एका माणसाचा दिवस जेमतेम एक पौंड रुईत जायचा. यंत्राने ते काम सोपे झाले आणि कापसाचा पेरा पश्चिमेकडे पसरत गेला. पेरायला, डवरायला, वेचायला यंत्र नव्हते, तिथे माणसेच लागत. 1790 च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळजवळ 40 लाख. 1808 पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी होती. त्यामुळे व्हर्जिनिया, मेरीलंडसारख्या राज्यांतून कापसाच्या पट्ट्यात माणसे विकली गेली. सुमारे 10 लाख माणसे अशी दक्षिणेकडे आणली गेली, कुणी साखळदंडात पायी चालत, कुणी जहाजातून. आई एका मळ्यावर, लेकरू दुसऱ्या. 1860 च्या सुमारास अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. ते पांढरे खांब या हिशेबातून उभे राहिले.

युद्ध संपले, गुलामी कायद्याने गेली, तरी मळ्यावरचे जगणे फारसे पालटले नाही. मॅग्नोलियाच्या त्याच विटांच्या घरांत बटाईची कुटुंबे राहू लागली. बियाणे, औजारे, पीठ, कापड सगळे मळ्याच्या दुकानातून उधार. वर्षाच्या शेवटी हिशेब व्हायचा, आणि वही मालकाची, लिहिणाराही मालकच. यवतमाळच्या माणसाला ही वही ओळखीची आहे. कापूस वेचणारे यंत्र आल्यावर, 1960 च्या दशकाच्या शेवटी, ती घरे रिकामी झाली. म्हणजे त्या खोल्यांत जन्मलेली माणसे आज आपल्याच राज्यात हयात आहेत. हा जुना काळ नव्हे. तो माझ्या वयाच्या लोकांचा काळ आहे.

तिसरा आक्षेप नावांविषयी. आपण जागा पाहायला गेलो तेव्हा तासभर मालकांच्या पिढ्या, झुंबरे, फ्रान्सहून आणलेले फर्निचर हे सगळे सांगितले गेले. हे सगळे पुसून-झाडून ठेवणारी एकही व्यक्ती नावाने आली नाही. ती नावे शोधणे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या वेगळ्या होत्या. त्यांत मालकाचे नाव असायचे, आणि त्याखाली वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण. माणसाच्या नावाचा रकानाच जवळपास नाही. माझ्या विहीणबाई आपल्या घराण्याचा शोध घेत 1870 च्या जनगणनेपर्यंत पोचल्या आणि तिथेच अडल्या, कारण सुटका झालेल्या माणसांची नावे तिथून पुढे लिहिली गेली.

पण काही नावे आहेत, आणि ती घेता येतात. ओकलंडवर सॉलोमन विल्यम्स हा गुलाम लोहार होता. त्याने घडवलेल्या लोखंडी क्रूसांची कारागिरी पाहिली, की मळ्यावर फक्त मजूर होते असे पुन्हा तोंडातून निघत नाही. तिथे लोहार, सुतार, गवंडी, सुईणी, स्वयंपाकी होते. जवळच्या मेलरोझ मळ्यावर क्लेमेंटाइन हंटर कापूस वेचायची, मग स्वयंपाकघरात काम करायची. पन्नाशी उलटून गेल्यावर उरलेल्या रंगांनी तिने चित्रे काढायला घेतली आणि वेचणी, बाप्तिस्मा, लग्न, प्रेतयात्रा, सगळे त्यात उतरवले. 1955 मध्ये तिथल्या 'आफ्रिकन हाऊस'च्या भिंतींसाठी तिने मोठी चित्रे केली. त्याच वर्षी नॅकिटिशच्या कॉलेजात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, आणि गोऱ्या प्रेक्षकांबरोबर ते पाहायला तिला आत जाता येत नव्हते. आपल्या मंडळात दरवर्षी मुलांची चित्रकला स्पर्धा होते. त्यात हंटरबाईंचे एक तरी चित्र मुलांना कुणी दाखवले आहे का?

चौथा आक्षेप मराठी म्हणून आहे, आणि हे लिहिताना मन फार दुखते. 1873 मध्ये जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापले, तेव्हा अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या त्या लोकांच्या नावे लिहिली, ज्यांनी निःस्वार्थीपणे झिजून गुलामांना मुक्त केले, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. पुण्यात बसून त्यांनी या मळ्यांकडे पाहिले आणि तिथे आपलीच माणसे ओळखली. 1946 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही याच ओळखीतून. आपले मंडळ फुले-आंबेडकर जयंतीला कार्यक्रम करते. त्याच मंडळाने दिव्यांची रोषणाई त्या हवेलीवर करावी?

कापसाच्या बाबतीत तर आपण परके नाहीच. 1840 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून मळेवाल्यांना बियाणे आणि यंत्रे घेऊन हिंदुस्थानात बोलावले. न्यू ऑर्लिन्सचे बियाणे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या काळ्या मातीत रुजले आणि 'धारवाड-अमेरिकन' म्हणून विकले गेले. 1861 मध्ये इथे युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे अडली, आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांनी वऱ्हाड-खानदेशाकडे मोहरा वळवला. मुंबईत पैशाचा पूर आला, कंपन्या निघाल्या, आणि 1865 मध्ये युद्ध थांबताच सगळे कोसळले. वऱ्हाडात मात्र कापूस ठाण मांडून बसला. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा गेला, तो याच कापसासाठी. आज विदर्भात जी पऱ्हाटी उभी दिसते, तीही बहुतेक अमेरिकन जातीची. माझ्या आजीच्या शेतातला कापूस आणि विहीणबाईंच्या पणजीने वेचलेला कापूस एकाच कुळातले. हे 'त्यांचे' आणि 'आपले' असे वेगळे करता येत नाही.

या विषयावर सभेत जी उत्तरे ऐकू आली, त्यांविषयीही बोलते. 'सगळेच तिथे लग्ने करतात' हे आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. 2019 च्या डिसेंबरमध्ये लग्नाच्या कल्पना सुचवणारी संकेतस्थळे चालवणाऱ्या द नॉट आणि पिंटरेस्ट या कंपन्यांनी मळ्यांवरच्या लग्नांचे गोडवे गाणारी जाहिरात आणि मजकूर आवरता घ्यायचे ठरवले. 2012 मध्ये बून हॉलवर लग्न केलेल्या हॉलिवूडच्या एका जोडप्याने पुढे त्याबद्दल जाहीर माफी मागितली. 'आजच्या मालकांचा काय दोष' असे विचारले गेले. मी त्यांना दोष देत नाही. निर्णय आपला आहे, म्हणून प्रश्न आपल्याला आहे.

'मग या इमारती पाडून टाकायच्या का' असेही कुणी म्हणाले. मुळीच नाही. 2025 च्या मे महिन्यात लुइझियानातली नॉटोवे ही अवाढव्य हवेली जळाली. तो मळा उसाचा होता. कित्येकांना त्या आगीचा आनंद झाला, आणि त्यांचा राग मला समजतो. मला मात्र वाईट वाटले. ती लाकडे, त्या विटा, तो गिलावा गुलाम कारागिरांच्या हातचा होता. पुरावा जपायलाच हवा. पण न्यायालयात ठेवलेल्या पुराव्यावर कुणी फराळाची ताटे मांडत नाही.

आता माझ्या मागण्या लिहिते. त्या कार्यकारिणीने विचारात घ्याव्यात आणि निर्णय सभासदांना लेखी कळवावा.

मेळाव्याची जागा बदलावी, ही मुख्य मागणी. शाळेचे सभागृह, गुरुद्वाऱ्याचा किंवा मंदिराचा हॉल, वाचनालय, काहीही चालेल. आगाऊ रक्कम परत मिळणार नसेल तर ती सोडून द्यावी. तेवढे पैसे उभे करायला मी आणि माझ्याशी बोललेले बरेच सभासद वर्गणी द्यायला तयार आहोत, तेव्हा पैशाचे कारण पुढे करू नये. 'राजेशाही थाटात' लिहिलेले निमंत्रण मागे घेऊन नवे पाठवावे, आणि जागा का बदलली हे त्यात दोन ओळींत स्पष्ट लिहावे. गुपचूप बदल केला तर ज्यांना दुखावले त्यांच्यापर्यंत तो पोचणार नाही.

यापुढे मंडळाचा कोणताही कार्यक्रम एखाद्या ऐतिहासिक जागी घ्यायचा असेल, तर आधी तिथल्या चालकांना लेखी विचारावे की इथे कुणी, कोणत्या अवस्थेत काम केले, त्यांची वस्ती कुठे होती, आणि आज ती माहिती पाहुण्यांना कशी दिली जाते. उत्तर मिळाले नाही तर ती जागा घेऊ नये. ही अट घटनेत किंवा ठरावात घालावी, म्हणजे दर दोन वर्षांनी नवी कार्यकारिणी आल्यावर पुन्हा नव्याने वाद होणार नाही.

मराठी शाळेच्या मुलांना या हिवाळ्यात केन नदीच्या काठचे मळे दाखवायला न्यावे. राष्ट्रीय उद्यानाला प्रवेशशुल्क नाही. हवेलीपासून सुरुवात करू नये. आधी मॅग्नोलियाच्या विटांच्या घरांत, मग जिनात, मग ओकलंडच्या दुकानात आणि शेवटी मालकाच्या घरात, असा क्रम ठेवावा. मुलांबरोबर मोठेही यावेत. विदर्भ-खानदेशातल्या सभासदांनी तर यावेच, कारण जिनातले दाब आणि दाते मुलांना समजावून सांगायला त्यांच्यासारखे माणूस नाही.

आणि फुले जयंतीच्या कार्यक्रमाला या परिसरातल्या गुलाम कुटुंबांच्या वंशजांपैकी कुणाला तरी वक्ता म्हणून बोलवावे, योग्य मानधन देऊन. आपण ऐकायला बसावे, भाषणे त्यांना करू द्यावीत.

नवी जागा शोधण्याचे काम माझ्याकडे द्या. शाळेच्या सभागृहाची चौकशी मी केली आहे, दिवाळीच्या आठवड्यातला शनिवार मोकळा आहे आणि भाडे हवेलीच्या भाड्याच्या एका अंशाइतकेही नाही. आठशे माणसांच्या फराळाचा अंदाज आणि स्वयंपाकघराची कामे वाटून द्यायची यादी पुढच्या सभेला घेऊन येते. त्याआधी कार्यकारिणीचे लेखी उत्तर सर्व सभासदांना मिळावे, ही विनंती.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद